बातमीदारांवरची जुनी टीव्ही मालिका: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात बातमीदारांच्या कामावर कुठली मालिका झाली आणि पत्रकारिता शिकणाऱ्याने त्यातली कुठली बघावी. मी सव्वीस वर्षं मराठी दैनिकांत काढली. पहिली काही वर्षं क्राइम बीटवर, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या आणायच्या कामावर होतो, मग रात्रपाळीच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावायच्या कामावर. त्यामुळे हे उत्तर बातमीदाराच्या नजरेचं आहे.

अगदी सुरुवातीच्या मालिकांत ठळक नाव 'बिग टाउन'चं. ही मूळची अमेरिकन रेडिओमालिका, 1937 ची. एडवर्ड जी. रॉबिन्सनसारखा मोठा नट तिच्यात संपादक स्टीव्ह विल्सनचं काम करायचा. ऑक्टोबर 1950 मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीने ती टीव्हीवर आणली आणि 1956 पर्यंत ती चालली, शेवटची दोन वर्षं एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर. आधी पॅट्रिक मॅक्व्हे आणि नंतर मार्क स्टीव्हन्स विल्सन झाले. सुरुवातीचे भाग न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे, पुढे हॉलिवूडमध्ये फिल्मवर चित्रित होऊ लागले. विल्सनचं वृत्तपत्र 'इलस्ट्रेटेड प्रेस'. लॉरेलाय किलबर्न ही त्याची सहकारी. तिच्या भूमिकेतल्या नट्या मात्र बदलत राहिल्या.

'बिग टाउन' इतिहास म्हणून जरूर बघा. पण त्यातला पत्रकार हा खरं तर लेखणी घेतलेला डिटेक्टिव्ह आहे. गुंडांच्या मागे तोच जातो, गुन्हेगार तोच पकडतो, आणि अर्ध्या तासात सगळं मिटतं. बातमी लिहिताना काय सोसावं लागतं, कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं गाळायचं, दहा वर्षांच्या ओळखीच्या माणसाविरुद्ध लिहायची वेळ आली तर हात कसा थांबतो, यातलं फारसं काही तिथे मिळत नाही.

ते मिळतं 'लू ग्रँट'मध्ये. ती 20 सप्टेंबर 1977 ला सीबीएसवर सुरू झाली. म्हणजे टीव्हीच्या अगदी बालपणातली नाही, पण वृत्तपत्राची कचेरी जशी असते तशी दाखवणाऱ्या पहिल्या मालिकांपैकी मी तिला मानतो. पाच सीझन, 114 भाग. लू ग्रँट हे पात्र आधी 'मेरी टायलर मूर शो' या विनोदी मालिकेत होतं. मिनियापोलिसच्या एका टीव्ही स्टेशनवरचा तो न्यूज प्रोड्यूसर. ती मालिका संपताना त्याची नोकरी जाते आणि पन्नाशीतला हा माणूस लॉस एंजेलिसच्या काल्पनिक 'ट्रिब्यून' या वृत्तपत्रात सिटी एडिटर, म्हणजे शहराच्या बातम्यांचा संपादक म्हणून येतो. विनोदी मालिकेतलं पात्र उचलून तासाभराची गंभीर मालिका उभी करण्याचं धाडस तेव्हा कुणी फारसं करत नसे. लूचं काम करणाऱ्या एड ॲस्नरला याच एका पात्रासाठी विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही प्रकारांत एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळाला.

मी ही मालिका फार उशिरा, मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलो तेव्हा डीव्हीडीवर पाहिली. पहिल्या सीझनच्या भागांचं सुरुवातीचं शीर्षकदृश्यच बघा. झाडावर एक पक्षी गातोय. झाड तोडलं जातं, ओंडके कारखान्यात जातात, कागद होतो, यंत्रावर अंक छापला जातो, घरोघरी पडतो, वाचून होतो, आणि शेवटी तोच कागद दुसऱ्या एका पक्ष्याच्या पिंजऱ्यात तळाला अंथरलेला दिसतो. रात्री दीडला पान छपाईला सोडून घरी जाणारा आणि सकाळी त्याच पानात कुणी भजी बांधून देताना पाहिलेला माणूस हे दृश्य विसरू शकत नाही. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

पहिल्याच भागाचं नाव 'कॉपहाउस'. पोलीस बीटवर वर्षानुवर्षं बसलेला एक जुना बातमीदार असतो. पोलिसांचं एक लाजिरवाणं प्रकरण त्याला ठाऊक असतं, त्यात अल्पवयीन मुली अडकलेल्या असतात, आणि तो गप्प असतो. लाच खाऊन नव्हे. ती माणसं आता त्याचीच झालेली असतात म्हणून.

हा भाग बघताना माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी रोज संध्याकाळी ठाण्यात बसायचो. चहा यायचा, डायरी समोर सरकवली जायची. एकदा कोठडीत मार खाल्लेल्या एका पोराची आई बाहेर बाकावर बसून होती. मारणाऱ्याबद्दल साहेब म्हणाले, "राहू द्या ना, आपलाच माणूस आहे तो." मी ती बातमी चार ओळींत उरकली आणि मारहाणीचा उल्लेख गाळला. त्या बाईच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून डब्याचं झाकण बाहेर दिसत होतं. आजही आठवतं. तेव्हा ते चुकीचं आहे हे मला सांगणारं कुणी नव्हतं. 'लू ग्रँट' बघितली असती तर निदान आपण काय करतोय हे कळलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

बाकीची माणसंही ओळखीची वाटतील. जो रॉसी, हुशार आणि उतावळा, बायलाइनसाठी, म्हणजे बातमीवर आपलं नाव यावं म्हणून कुणाशीही भांडणारा. बिली न्यूमन महिलांच्या पुरवणीतून सिटी डेस्कवर येते. आपल्याकडे बायकांना 'पुरवणी बघा' म्हणून बाजूला बसवण्याचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना तिची धडपड समजेल. फोटोग्राफरला सगळे 'ॲनिमल' म्हणतात. आणि मालकीणबाई मिसेस पिंचन. नॅन्सी मार्चंडला या भूमिकेसाठी चार एमी मिळाल्या. वृत्तपत्राचा मालक म्हटलं की आपण थेट खलनायक समजतो. ही बाई जाहिरातदार, मित्रमंडळी आणि बातमी या तिघांच्या मध्ये उभी राहून निर्णय घेते. कधी चुकते, कधी ठाम राहते, आणि दोन्ही वेळा पटते.

शेवट दुःखद आहे. ॲस्नर तेव्हा नटांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. 1982 च्या फेब्रुवारीत त्याने एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या देशातल्या लोकांसाठी औषधांची मदत उभी करायला जाहीरपणे पुढाकार घेतला, अमेरिकी सरकारच्या धोरणाविरुद्ध. गदारोळ झाला, काही जाहिरातदार निघून गेले, आणि त्याच वर्षी मालिका बंद झाली. वाहिनीने प्रेक्षकसंख्या घटल्याचं कारण दिलं. ॲस्नर मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की कारण राजकीय होतं. मला त्याचं म्हणणं पटतं.

तेव्हा 'बिग टाउन'चे एकदोन भाग बघा आणि मग 'कॉपहाउस' लावा. त्या जुन्या बातमीदाराला विचारणा होते तेव्हा तो काय काय कारणं देतो, ती वहीत लिहून ठेवा. ती सगळी मी ठाण्यातून सायकलने परत येताना स्वतःला दिली होती.