स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या लहान शेतकरी गावाचा भूगोल आणि इतिहास सांगाल का? इतक्या उंचावर लोक शेती करून जगले कसे?

सरसकट 'स्विस गाव' असं काही सांगता येणार नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेलं की बोली बदलते, घरं बदलतात, कधी धर्मपंथही बदलतो. म्हणून एकाच गावाबद्दल लिहितो : टोर्बेल. नोकरीनिमित्त काही काळ जवळच्या व्हिस्प शहरात राहत होतो, तेव्हा तिथं जाणं व्हायचं. गाव निवडण्याचं दुसरं कारण असं की, जेमतेम पाचशेच्या आसपास वस्तीच्या या गावाकडे आठशे वर्षांपूर्वीपासूनची कागदपत्रं आहेत आणि जगभरचे अर्थतज्ज्ञ त्याचं नाव घेतात.

आधी जागा. देशाच्या दक्षिणेला वालिस नावाचं कॅंटन, म्हणजे घटकराज्य, आहे (फ्रेंच भाषिक त्याला व्हॅले म्हणतात). व्हिस्पहून झेरमाटची गाडी पकडली की काही मिनिटांत स्टाल्डन लागतं. इथं खोरं दुभंगतं, एक फाटा सासकडे जातो, दुसरा झेरमाटकडे. डब्यातले सगळे मॅटरहॉर्न या प्रसिद्ध शिखराच्या ओढीनं पुढं निघालेले असतात, स्टाल्डनला फारसं कुणी उतरत नाही. पण उजव्या हाताच्या डोंगरावर, सुमारे १५०० मीटर उंचीवर टोर्बेल आहे. व्हिस्प साडेसहाशे मीटरवर, आणि गावाच्या डोक्यावरचं ऑग्स्टबोर्डहॉर्न शिखर २९७० मीटरच्या घरात. म्हणजे एकाच उतारावर खाली द्राक्षं, मध्ये राय धान्याची शेतं आणि गवताची कुरणं, त्यावर जंगल, त्याच्याही वर २००० मीटरपलीकडे उन्हाळी चराईचा माळ. या वरच्या माळाला तिथं 'आल्प' म्हणतात. गावकऱ्यांच्या तोंडी 'आल्पवर जायचं' म्हणजे शिखर चढायला नाही, गुरं चारायला.

आता एक गोष्ट जी पोस्टकार्डांवर दिसत नाही. हा भाग कोरडा आहे. उत्तरेला बर्नीज आल्प्स आणि दक्षिणेला पेनाइन आल्प्स अशा दोन भिंती ढग अडवतात, त्यामुळे व्हिस्पच्या खोऱ्यात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पडतो. देशावरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांइतकाच म्हणा ना. मग हिरवी कुरणं कुठून आली? पाटाच्या पाण्यातून. वरच्या नाल्यांचं, हिमाचं पाणी डोंगराच्या कुशीतून पाट काढून आणलेलं आहे. या पाटांना जर्मन भाषिक वालिसमध्ये 'सुओने' म्हणतात. जिथं उभा कडा आडवा आला तिथं लाकडी पन्हळी टांगून पाणी पुढं नेत. कुणाची पाळी किती वेळाची, हे लाकडी काठ्यांवर खाचा पाडून नोंदवलेलं असे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो हिशोब तपासता यायचा. अशा पारंपरिक सिंचनाला युनेस्कोनं २०२३ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात स्वित्झर्लंडसह युरोपातले सात देश आहेत.

इतिहासाकडे वळू. जमिनीच्या खाजगी मालकीचा टोर्बेलमधला उल्लेख १२२४ पासून सापडतो. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी एक करारनामा केला आणि आल्प, जंगल आणि पडीक जमीन कशी वापरायची याची रीतसर संस्था उभी केली. तेव्हा टोर्बेल स्वित्झर्लंडमध्ये नव्हतंच. वालिस हा सिऑनच्या बिशपच्या सत्तेखालचा, स्विस संघाशी मैत्रीचा तह असलेला स्वतंत्र प्रदेश होता. तो स्विस कॅंटन झाला १८१५ मध्ये. त्यामुळे 'स्विस शिस्त' वगैरे जे आपण म्हणतो, ते निदान या गावाच्या बाबतीत देशापेक्षा जुनं आहे.

१५१७ सालचा एक नियम मात्र सगळ्या कहाणीचा कणा आहे : आपल्या घरच्या वैरणीवर जितक्या गाई हिवाळाभर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात आल्पवर सोडायच्या. एवढंच. पण यातली चलाखी बघा. हिवाळ्याची वैरण येते खाजगी कुरणातून. ज्याच्याकडे जितकं कुरण, तितकं त्याच्या गोठ्यात गवत आणि तितक्याच त्याच्या गाई. वसंतात बाहेरून स्वस्तात गाई आणायच्या, गावाच्या माळावर फुकट चारून शरदात विकायच्या, हा धंदा त्या एका वाक्यानं बंद झाला. शिवाय गोठ्यात किती गाई हिवाळा काढताहेत हे शेजाऱ्याला दिसतंच, वेगळी तपासणी लागत नाही. वर आल्पवर गुरं पोचली की मोजदाद व्हायची आणि हंगामाच्या शेवटी कुणाच्या वाट्याला किती चीज येणार, ते याच मोजणीवर ठरायचं. म्हणजे मोजणीत सगळ्यांचंच लक्ष. दंड वसूल करणारा गावचा कारभारी वेगळा असे आणि दंडाची निम्मी रक्कम त्याला स्वतःला ठेवता यायची, त्यामुळे तो काणाडोळा करण्याची शक्यता कमी!

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी मांडलं की सामाईक कुरण असेल तर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जाणार आणि माळ उजाड होणार. पुढच्या दशकात रॉबर्ट नेटिंग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ टोर्बेलच्या दफ्तरात शिरले आणि त्यांना दिसलं की इथं तर माळ शतकानुशतकं टिकलाय. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संसाधनांवरच्या आपल्या मांडणीत हेच उदाहरण ठळकपणे घेतलं. त्याच कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथं एक गैरसमज होतो की टोर्बेल म्हणजे सगळं गावाच्या मालकीचं. तसं अजिबात नव्हतं. शेतं, बागा, द्राक्षमळे, गवताची कुरणं, हे सगळं खाजगी. सामाईक होतं ते आल्प, जंगल, पडीक, पाणी आणि वाटा. ही विभागणी तत्त्वज्ञानातून आलेली नाही. आल्पवर एकरी गवत थोडं, त्यातही कधी या कोपऱ्यात चांगलं तर कधी त्या. तुकडे पाडून वाटले तर एखाद्याच्या वाट्याला नुसता दगडांचा उतार यायचा, शिवाय एवढ्या कुंपणांचा खर्च कोण करणार? उलट खालच्या शेतात खत-पाणी-मेहनत घातली तर उत्पन्न वाढतं, तिथं मालकी घराची असलेलीच बरी. जंगलातलं लाकूडही असंच, तोडायची झाडं गावचे अधिकारी खुणा करून ठरवत आणि कुटुंबांच्या गटांना चिठ्ठ्या टाकून वाटत.

खाजगी जमिनीचं पुढं काय झालं ते आपल्याला चांगलंच कळेल. वारसा सर्व मुलांना सारखा, मुलींनासुद्धा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तुकडे होत गेले. एकेका घराकडे डझनावारी चिमुकले तुकडे, कुठं खाली, कुठं वर. लार्चच्या लाकडाची, उन्हानं काळी पडलेली घरं मजल्यांनुसार वाटलेली, धान्याच्या कोठारात चार जणांचे हिस्से. ही कोठारं दगडी चकत्यांवर उभी असतात, उंदीर वर चढू नयेत म्हणून. वेगवेगळ्या उंचीवर तुकडे असल्याचा एक फायदाही होता, गारपीट किंवा हिमपात एकदम सगळीकडे घात करत नाही.

या व्यवस्थेचं कौतुक करताना लोक दुसरी बाजू सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. १४८३ च्या करारनाम्यातच लिहिलं होतं की, बाहेरच्यानं गावात जमीन घेतली तरी त्याला आल्प, जंगल वा पडिकावर हक्क मिळणार नाही. कुणाला आत घ्यायचं हे गावच ठरवणार. माळ टिकला तो दार बंद ठेवल्यामुळेही. आणि घरातल्यांनाही किंमत मोजावी लागलीच : लग्नं उशिरा, अनेक भावंडं आयुष्यभर अविवाहित. बटाटा आल्यावर त्याच जमिनीवर जास्त तोंडं पोसता येऊ लागली आणि लोकसंख्या वाढली. एकोणिसाव्या शतकात वरच्या वालिसमधले बरेच जण थेट अर्जेंटिनाला गेले. तिथलं सान हेरोनिमो नोर्ते हे गाव त्यांनीच १८५८ मध्ये वसवलं.

'मूळ गाव' या गोष्टीला आजही कागदावर वजन आहे. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ लिहीत नाहीत, मूळ गाव लिहितात, मग तो माणूस तिथं कधी राहिलेला नसला तरी.

बाकीचा इतिहास भराभर. १८५५ च्या जुलैत या खोऱ्यात मोठा भूकंप झाला, व्हिस्प आणि आसपासच्या गावांचं बरंच नुकसान झालं. १८९१ मध्ये झेरमाटपर्यंत रेल्वे पोचली. मग व्हिस्पमध्ये लोंझाचा रासायनिक कारखाना आला आणि अशा डोंगरी गावांतून पाळीवर कामाला जायचं, सुट्टीला गवत कापायचं, अशी दुहेरी आयुष्यं सुरू झाली. रायची शेतं जवळजवळ गेली. आता उतारावरचं गवत कापलं जातं त्याला बाजारभाव हे कारण नाही, सरकारी अनुदान आहे. १९९६ मध्ये स्विस मतदारांनीच राज्यघटनेत कलम घातलं की शेतीनं अन्नासोबत भूदृश्य राखायचं आणि विखुरलेल्या वस्त्या टिकवायच्या. तीव्र उतारावरच्या कापणीला आणि आल्पवर गुरं नेण्याला वेगळे पैसे मिळतात. माझ्या मते हे योग्यच आहे, फक्त कुणी 'स्वयंपूर्ण गाव' असं वर्णन केलं की हसू येतं.

जायचं असेल तर स्टाल्डनला उतरून पिवळी पोस्टबस घ्या. गावातली जुनी पाणचक्की आणि भाकरी भाजायची सामाईक भट्टी दुरुस्त करून राखल्या आहेत. उन्हाळ्यात त्याच रस्त्यानं आणखी वर मूसाल्पला जाता येतं, तिथं गाई दिसतील. आणि पाटाच्या कडेनं चालत जाणार असाल तर बूट चांगले घाला, वाट बऱ्याच ठिकाणी फूटभरच रुंद असते.