वर्कफ्लोमध्ये माणसाची स्टेप टाकली तर तिचा स्क्रीन आपोआप बनते का?

हो भाऊ, बनते. तुम्ही विचारलं का कापूस खरेदीची प्रोसेस जेबीपीएमवर (कामाच्या पायऱ्या क्रमानं चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे पण ओलावा तपासणारा माणूस मधात कसा घ्यायचा अन् त्याचा स्क्रीन कोण लिहीन, तर त्या जागी यूजर टास्क, म्हंजे माणसानं करायची पायरी, टाका. प्रोसेस तिथं थांबते, माणूस काम पूर्ण करेपर्यंत पुढं जात नाही.

आता खरी गोष्ट व्हेरिएबलची, म्हंजे प्रोसेस जी माहिती सोबत नेते तिची. ओलावा फ्लोट (दशांशाचा आकडा) ठेवा, 'माल पास' बूलियन (हो किंवा नाही), अन् फॉर्म जनरेट केला का एक आकड्याचा रकाना अन् एक चेकबॉक्स तयार. पण टास्कच्या आउटपुटमध्ये (माणूस जे भरून परत देते त्यात) ओलावा जोडायचं विसरू नका! आमच्या गावच्या शेतकरी कंपनीत मी फक्त इनपुटमध्ये (जे नुसतं दिसते त्यात) दिला होता, ग्रेडर पोरगा मीटर हातात घेऊन उभा अन् रकान्यात आकडा टाकताच येईना, गाड्यांची लाइन लागली, लय वाईट वाटलं मले.

टास्क एका माणसाच्या नावानं नका देऊ, ग्रुपले द्या, एक सुट्टीवर असला तर दुसरा उचलते. पुढं गेटवे (प्रोसेसचा रस्ता जिथं फुटते तो फाटा) लावून १२ टक्क्यांवर ओलावा असलेला माल वेगळ्या रस्त्यानं काढा. लेबलं मात्र हातानं मराठीत बदला, जनरेट झालेली इंग्रजी नावं काट्यावरच्या माणसाले समजत नाहीत.