आव्हरकांपच्या बर्फावर फक्त खेळच नाहीत

१७व्या शतकातील डच चित्रांत सारे गाव गोठलेल्या पाण्यावर मजा करताना दिसते, तेव्हा तिथला हिवाळा खरोखरच इतका सुखाचा होता का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या चित्रांत सुखाशेजारी हालही रंगवलेले आहेत, मात्र ते शोधावे लागतात. त्यासाठी हेंड्रिक आव्हरकांप (१५८५–१६३४) याचे सुमारे १६०८ मधील, अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले स्केटिंगचे मोठे चित्र सावकाश पाहावे.

त्यात क्षितिजरेषा बरीच वर घेतलेली असल्यामुळे आपण उंचावरून पाहत आहोत असे वाटते आणि दूरवर पसरलेल्या बर्फावर शंभराहून अधिक माणसे मावतात. उंची वस्त्रांतील जोडपी, पोरे, कष्टकरी असे सगळे एकाच बर्फावर वावरतात, कोणी डौलाने घसरत जातो तर कोणी आपटतो. होड्या मात्र गोठून जागच्या जागी अडकल्या आहेत. आता खाली डावीकडे पाहा. तिथे कुत्रा आणि कावळे मेलेल्या जनावराचे लचके तोडत आहेत आणि जवळच काठीच्या आधाराने तिरके उभे केलेले जुने दार आहे. तो पक्ष्यांसाठी लावलेला सापळा आहे: काठी ओढली की दार दाणे टिपणाऱ्या पाखरांवर कोसळते. आव्हरकांपच्या आधीच्या पिढीतील फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेल याने १५६५ मध्ये अशाच सापळ्याचे चित्र काढले होते, आणि पाखरांइतकीच बर्फावरची माणसेही बेसावध आहेत, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. मला तो पटतो.

तो काळ लघु हिमयुगाचा, म्हणजे युरोपातील हिवाळे नेहमीपेक्षा कडक असलेल्या काही शतकांचा होता आणि कालवे खरेच गोठत असत. तरीही हे चित्र म्हणजे एखाद्या दिवसाची जशीच्या तशी नोंद नव्हे. आव्हरकांप रेखाटने जमवून ठेवी आणि त्यांवरून चित्रशाळेत तैलचित्राची जुळणी करी. त्याला बोलता येत नसे, म्हणून लोक त्याला तो राहत असलेल्या डच गावावरून ‘कांपेनचा मुका’ म्हणत. त्याच्या बारीक नजरेचे सारे श्रेय या व्यंगाला देणे मला अन्यायाचे वाटते, कारण ब्रुगेलची परंपरा त्याने मेहनतीने आत्मसात केली होती.

राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हे चित्र खूप मोठे करून पाहता येते. आधी कडा आणि कोपरे पाहावेत, मधल्या गर्दीकडे नंतर वळावे.