सेटलमेंटनंतर डॅशबोर्डची वॉरंटी वाढते म्हणजे नेमकं काय? वापरलेली गाडी घेतलेल्याला ती मिळते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: टेक्सासमध्ये वापरलेली सेडान घेतली, तुम्ही तिचे तिसरे मालक. दोन उन्हाळ्यांत डॅशबोर्ड चिकट झाला. मग जुन्या मालकाच्या नावाने एक पत्र आलं की कोर्टातल्या तडजोडीनुसार आतल्या ट्रिमची वॉरंटी वाढवली आहे. डीलर मात्र ‘वॉरंटी केव्हाच संपली’ म्हणतो आणि हजारावर डॉलर सांगतो. कोण खरं बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील. डीलर बोलतोय ती गाडीची मूळ वॉरंटी, साधारण तीन वर्षं किंवा 36,000 मैलांची, ती संपलीच असणार. पत्रातली वॉरंटी वेगळी आहे. ती एकाच भागापुरती, एकाच दोषापुरती असते आणि बहुतेक वेळा माणसामागे नाही तर गाडीमागे जाते. त्यामुळे तिसरे मालक असणं ही अडचण सहसा नसते. खरी अडचण दोन गोष्टींत असते: कागदात ‘भाग’ कशाला म्हटलंय आणि मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची. मी दोन्हीत ठेचकाळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीला राहतो. माझीही गाडी वापरलेलीच होती. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने उत्तरात फरकही पडत नाही. पहिल्या ऑगस्टात ऑफिसच्या उघड्या पार्किंगमधून संध्याकाळी गाडी काढली तेव्हा डॅशबोर्डवर टाकलेली पार्किंगची पावती उचलेना. जोर लावला तर कागद फाटला आणि खाली आकडे उलटे उमटलेले दिसले, शिक्का मारावा तसे. बोट टेकवलं तर गुळाच्या ढेपेवर हात ठेवल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी ती चिकटाई चकाकायला लागली. संध्याकाळी केटी फ्रीवेवर पश्चिमेकडे जाताना सूर्य समोर असतो, आणि डॅशबोर्डची अख्खी चमक विंडशील्डवर चढायची. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट दिसायला मान तिरकी करावी लागायची.

हे का होतं? डॅशबोर्डची वरची मऊ कातडी बहुतेक पीव्हीसी किंवा तत्सम प्लॅस्टिकची असते. ती मऊ राहावी म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात. उन्हात भाजून भाजून तो वर येतो. वर पॉलियुरेथेनचा मऊ लेप असेल तर दमट हवेत त्याची साखळी पाण्यानेच तुटत जाते, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. ऊन किती असतं म्हणाल तर ॲरिझोनात टेंपीला गाड्या उन्हात लावून मोजमाप केलं होतं, ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं: एका तासात डॅशबोर्ड सरासरी 157 अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ 69 सेल्सिअस. तिकडे हवा तरी कोरडी. आमच्याकडे आणि फ्लोरिडात उकाडा आणि दमटपणा दोन्ही, म्हणून अशा तक्रारी या पट्ट्यात जास्त.

आता कोणी विचारेल, मग सरळ रिकॉल का नाही? कारण रिकॉल सुरक्षेच्या दोषासाठी असतो. डॅशबोर्ड चिकटला, कुरूप दिसला म्हणून केंद्र सरकारची वाहनसुरक्षा संस्था कंपनीला हलवत नाही. चमकेमुळे समोरचं दिसत नाही, हा मुद्दा फिर्यादींनी कोर्टात मांडला, पण रस्ता शेवटी क्लास ॲक्शनचाच राहिला. म्हणजे काही मालक सगळ्यांच्या वतीने दावा लावतात, कंपनी ‘आमची चूक नाही’ हे वाक्य कायम ठेवून तडजोड करते आणि न्यायाधीश ती वाजवी आहे का ते पाहून मंजूर करतात.

फ्लोरिडातलं प्रकरण बघा. निसानच्या 2008 आणि 2009 च्या अल्टिमा गाड्यांचे डॅशबोर्ड वितळतात म्हणून तिथल्या मालकांनी दावा केला आणि 2016 मध्ये तडजोड झाली. तिच्यात मालकाने 250 डॉलर भरायचे आणि डॅशबोर्ड बदलून घ्यायचा असं ठरलं. म्हणजे फुकट नाही, आणि फक्त फ्लोरिडावाल्यांना. तीच गाडी, तोच उन्हाळा, पण मालक टेक्सासात असेल तर त्या कागदात त्याला जागा नव्हती. टोयोटाचं वेगळं. त्यांनी 2007 ते 2011 ची कॅमरी आणि आणखी काही मॉडेलं यांच्यासाठी वॉरंटीच वाढवली. 31 मे 2017 पर्यंत मैल न बघता, आणि त्यानंतर गाडीच्या पहिल्या वापरापासून 10 वर्षं. त्यातही सगळी मॉडेलं नव्हती. म्हणून ‘अमक्या कंपनीने डॅशबोर्ड बदलून दिले म्हणे’ हे मित्राचं वाक्य तुमच्या काही उपयोगाचं नाही. तुमच्या हातातलं पत्र उपयोगाचं.

‘पहिल्या वापरापासून’ हे शब्द पत्रात शोधा. मी इथेच आपटलो. माझ्या पत्रात आठ वर्षं होती. मी विकत घेतली तो दिवस धरून हिशोब केला आणि निवांत बसलो, दिवाळीनंतर बघू म्हणून. प्रत्यक्षात घड्याळ सुरू होतं ते गाडी पहिल्यांदा शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसापासून. माझी गाडी आधी भाड्याच्या ताफ्यात होती. नवं मॉडेल बऱ्याचदा आदल्या वर्षीच रस्त्यावर येतं, त्यामुळे मॉडेल वर्षाच्या आकड्यावरही जाता येत नाही. डीलरकडे व्हिन नंबर (गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक) सांगून पहिल्या वापराची तारीख विचारली तेव्हा कळलं की माझ्याकडे एकोणीस दिवस उरलेत. ती तारीख कुठलाही अधिकृत डीलर फोनवर सांगतो, पैसे लागत नाहीत. आज फोन करा.

व्हिनचं अजून एक. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: 8 म्हणजे 2008, 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010. पण काही तडजोडींत मॉडेल वर्षाच्या जोडीला उत्पादनाच्या तारखांची मर्यादाही असते. तुमच्या गाडीची उत्पादनाची तारीख ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर महिना-वर्ष अशी छापलेली असते.

आता ‘भाग’. पत्राच्या मथळ्यात ‘इंटिरियर ट्रिम’ लिहिलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं दाराचे पॅनल, आर्मरेस्ट, छताचं कापड, सगळंच आलं. नाही. आत व्याख्येचं पान असतं. माझ्यात डॅशबोर्डची वरची कातडी आणि तिच्याशी जोडलेला ग्लोव्हबॉक्सच्या वरचा पट्टा, एवढंच होतं. दोन्ही पुढच्या दारांचे आर्मरेस्ट तितकेच चिकट होते, शर्टाच्या बाहीवर काळे डाग पडायचे. त्यांना एक डॉलरही मिळाला नाही. शिवाय दोषाचे शब्द बघा. कुठे ‘चिकट, मऊ किंवा चकाकणारा’ असतो, कुठे ‘तडकलेला’. चिकटपणासाठीच्या तडजोडीत निव्वळ भेग बसत नाही, आणि उलटही. तुम्ही तक्रार सांगाल ती त्या कागदातल्या शब्दांत सांगा. ‘डॅश खराब झालाय’ असं मोघम बोलू नका.

आणि मग अपवाद. बाहेरून झालेलं नुकसान धरत नाहीत. माझ्या डॅशबोर्डवर आईने पुण्याहून आणलेला छोटा गणपती होता, दुहेरी टेपने चिकटवलेला. उन्हाळ्यात बाप्पा हळूहळू पुढे कलले, आणि सर्व्हिससाठी काढायला गेलो तर पाटाखालची कातडीच सोलून आली. तपासणाऱ्याने तेवढाच फोटो काढला आणि कागदावर लिहिलं, बाहेरून चिकटवलेल्या वस्तूमुळे नुकसान. क्लेम नामंजूर. मी त्याला ग्लोव्हबॉक्सच्या बाजूला बोट टेकवायला सांगितलं, जिथे कधी काहीच चिकटवलं नव्हतं. तिथेही ठसा उमटला. तो ओशाळला, पण लिहिलेलं बदलेना. शेवटी मी घरीच त्या कोपऱ्याचे फोटो काढले, अंगठ्याचा ठसा आणि शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डीलरकडे गेलो. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत मंजूर केलं. तीच गाडी, तेच नुकसान. एका डीलरचं ‘नाही’ म्हणजे कंपनीचं ‘नाही’ असं धरू नका.

पण त्या पहिल्या डीलरकडून एक गोष्ट मिळवली होती, आणि तीच कामाला आली: रिपेअर ऑर्डर. काम झालं नाही तरी ‘ग्राहकाची तक्रार: डॅशबोर्ड चिकट’ असं लिहून, तारीख आणि मैल टाकून कागद द्या म्हणून बसून राहिलो. दुसरीकडे पोचेपर्यंत एकोणीस दिवस संपले होते. मुदतीच्या आत तक्रार नोंदवली होती हे त्या कागदाने दाखवलं. तोंडी ‘नाही’ घेऊन कधीच परत येऊ नका.

तुम्ही आधीच स्वतःच्या खिशातून डॅशबोर्ड बदलला असता तर मार्ग वेगळा होता. त्यासाठी तडजोडीत परताव्याचा भाग असतो, त्याची मुदत स्वतंत्र आणि बरीच छोटी असते. बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि गाडी तुमची असल्याचा कागद जोडून क्लेम प्रशासकाकडे, म्हणजे तडजोडीचे क्लेम हाताळायला नेमलेल्या संस्थेकडे, पाठवायचा. डीलरचा त्याच्याशी संबंध नाही.

पत्र जुन्या मालकाच्या नावाने आहे म्हणून घाबरू नका. कंपनी नोंदणीच्या याद्यांवरून पत्रं पाठवते, त्या याद्या शिळ्या असतात. प्रशासकाच्या नंबरवर व्हिन सांगून पत्ता बदलून घ्या. एवढं मात्र बघा, की पत्र अंतिम मंजुरीनंतरचं आहे की त्याआधीचं. आधी न्यायाधीश प्राथमिक मंजुरी देतात, मग मालकांना कळवतात, ज्याला बाहेर राहायचंय त्याला तसं कळवायला वेळ देतात, मग सुनावणी होऊन अंतिम मंजुरी. अपिलाची मुदत जाईपर्यंत बऱ्याचदा वॉरंटी लागूच होत नाही, आणि डीलरच्या कॉम्प्युटरवर ती दिसत नाही. तुमच्या डीलरचं ‘नाही’ यातूनही आलेलं असू शकतं. बाहेर न पडता आत राहिलात तर याच दोषासाठी कंपनीवर वेगळा दावा लावायचा हक्क सोडलात, हे लक्षात ठेवा. हजार डॉलरच्या कामासाठी मी तो आनंदाने सोडला.

खोटी पत्रं आणि फोन यांच्याबद्दलही लिहायला हवं, कारण ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय’ हा फोन अमेरिकेत कोणाला आला नसेल! असे फोन करणाऱ्या टोळ्यांपैकी एकीला तिथल्या दूरसंचार आयोगाने 2023 मध्ये जवळजवळ 30 कोटी डॉलर दंड ठोठावला. फरक सोपा आहे. ते ‘वाढीव वॉरंटी’ विकतात, म्हणजे खरं तर पैसे घेऊन सर्व्हिसचा करार. तडजोडीची वॉरंटी कोणी विकत नाही. पत्रावर कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो, आणि कार्ड नंबर कोणी मागत नाही. अल्टिमासारखा काही वाटा भरायचा असलाच तर तो डीलरकडे, कामाच्या वेळी.

मंजूर झालं तरी लगेच काम होईल असं नाही. सगळ्यांनी एकदम क्लेम केलेले असतात. माझा पार्ट यायला सहा आठवडे लागले. शेजारच्या सीटची एअरबॅग त्याच कातडीखाली असते, त्यामुळे हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे देऊ नका आणि तोवर वर जाड कव्हरही टाकू नका. स्टिअरिंग कॉलम खाली उतरवून सगळं बाहेर काढतात, जवळजवळ पूर्ण दिवस जातो. परत बसवल्यावर माझ्या गाडीत डाव्या बाजूला बारीक करकर यायला लागली. बिलावर कामाची स्वतंत्र हमी होती, 12 महिने किंवा 12,000 मैल, तिच्यावर परत जाऊन दोन क्लिप बदलून घेतल्या. शून्य डॉलरचं असलं तरी बिल जपून ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुण्यातल्या मेव्हण्याच्या गाडीचंही असंच झालंय, त्याला या पत्राचा उपयोग होईल का. नाही. अमेरिकन कोर्टाची तडजोड अमेरिकेत विकलेल्या किंवा नोंदवलेल्या गाड्यांपुरती असते. त्याच्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे. त्यातल्या कलम 35 मध्ये एकाच हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करायची सोय आहे. पण दोन वर्षांची कालमर्यादा आहे, तेव्हा त्याने आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवावी आणि सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागावं.

आणि एक. तपासणीला जाण्याआधी डॅशबोर्ड साफ करू नका. चकाकी घालवायला लोक पावडर लावतात, कोणी सिलिकॉनचं पॉलिश मारतं, माझ्या शेजाऱ्याने तर नेलपॉलिश काढायचं द्रावण फिरवलं. त्याच्या कागदावर ‘रसायनाने नुकसान’ असा शेरा पडला. तुमचा डॅश जसा आहे तसा, धुळीसकट, ठशांसकट घेऊन जा. शक्यतो दुपारी, गाडी दोन तास उन्हात उभी करून.