गाझाचा नाथन ढोंगी होता का?

तुम्ही विचारलंय की सतराव्या शतकातला ज्यू धर्मगुरू शब्बताई झ्वी याला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला ज्यूंचा तारणहार, ठरवणारा नाथन ढोंगी होता का, आणि व्हेनिसमध्ये त्याने तशी कबुलीच दिली नव्हती का. माझ्या मते तो ढोंगी नव्हता. त्याच्यामुळे लोकांचं नुकसान झालं ते मात्र खरं.

१६४३च्या सुमारास जेरुसलेमला जन्म, तिथेच याकोब हागीझ यांच्याकडे शिक्षण. मग गाझाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा जावई झाला. पोटापाण्याची विवंचना मिटली आणि तो लुरियांच्या कब्बालात, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येत, बुडून गेला. १६६५च्या सुरुवातीला उपासना करताना त्याला दर्शन झालं: शब्बताई हाच मसीहा. गंमत अशी की त्या वसंतात चाळिशीला टेकलेला शब्बताई स्वतःच्या मनाचे चढउतार शांत व्हावेत म्हणून याच्याकडे आला होता. विशीतल्या नाथनने त्याला सांगितलं, तुम्हाला आजार नाही, तुम्ही मसीहा आहात. त्यानंतर शावुओत या ज्यू सणाच्या रात्री पठण चालू असताना नाथन मूर्च्छा येऊन कोसळला. नाडी लागेना, म्हणून तोंडावर कापड टाकलं, तर त्याखालून बारीक आवाज येऊ लागला, असं त्या काळच्या वृत्तांतात आहे.

पुढे त्याची पत्रं आणि प्रायश्चित्ताचे पाठ युरोपभर गेले. आठवणी लिहून ठेवणाऱ्या हामेलनच्या ग्लुकेल या ज्यू बाईच्या सासऱ्याने, मसीहा आला म्हणून, पवित्र भूमीच्या प्रवासासाठी वाटाणे, सुकं मांस, कापडचोपड भरलेली दोन पिंपं हांबुर्गला धाडून ठेवली. अशा किती घरांचा संसार विस्कटला असेल! मला नाथनचा खरा राग येतो तो इथे.

सप्टेंबर १६६६मध्ये तुर्कस्तानातल्या एदिर्नेला उस्मानी सुलतानासमोर शब्बताईने जीव वाचवण्यासाठी इस्लाम स्वीकारला. ढोंगी माणसाने तिथेच हात झटकले असते. नाथनने उलट सिद्धान्त मांडला: दैवी प्रकाशाच्या ठिणग्या दुष्ट शक्तींच्या कवचात अडकल्यात, त्या सोडवायला मसीहाला स्वतः त्या अंधारात उतरावं लागतं. मला हे पटत नाही, पण त्याच्या आधीच्या विचारांशी ते पूर्ण जुळतं.

राहिली १६६८मधली व्हेनिसची सही. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, चौकशी करून, दबाव आणून ती घेतली. आपलं चुकलं असं त्याने लिहून दिलं आणि बाहेर पडताच पुन्हा प्रचार सुरू केला. पुढची वर्षं बाल्कनमध्ये, बरीचशी कास्तोरियाला गेली. १६७६मध्ये शब्बताई वारला, तेव्हाही तो फक्त दृष्टिआड झालाय असंच नाथन सांगत राहिला. १६८०मध्ये स्कोप्येला मरेपर्यंत त्याने ही श्रद्धा सोडली नाही, म्हणून त्या सहीला मी कबुली मानत नाही.