भूलतज्ज्ञ भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय, नागपुरातच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) रुजू होऊ द्यावं का?

लगेच नको. फेंटानिल (भूल देताना वापरतात ते व्यसन लावणारं अफूवर्गीय वेदनाशामक) तिथं रोज हाताशी असतं, अडचण तिथंच आहे; इच्छाशक्तीबिक्ती नंतर. शिवाय खंड पडल्यावर शरीराची सवय मोडते, मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना नाल्ट्रेक्सोनबद्दल (अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारी गोळी) विचारा. साधारण ७ ते १० दिवस अफूवर्गीय औषध बंद असल्याशिवाय ते सुरू करत नाहीत.

याच व्यसनातून सावरलेला माझा बॅचमेट आधी प्री-अ‍ॅनेस्थेशिया ओपीडीत (भुलीआधी रुग्ण तपासतात तिथं) बसला, नाइट बंद. ओटीत परतल्यावर उरलेलं अँप्युल सिस्टरच्या सहीनेच फेकायचा. लघवीची तपासणी आजही स्वतःहून देतो. सुरुवातीला मात्र मेडिकल चौकात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून फॉलोअपच टाळायचा (आम्हा डॉक्टरांना लाज जरा जास्तच!). तसं असेल तर टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.