नोटा तोलून ठरणारी सोयरीक

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की चीनमध्ये असताना तिथल्या खेड्यातलं एक लग्न पाहिलं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नव्या वाचकांसाठी सांगते: आम्ही मूळचे इचलकरंजीचे, घरचा मागाचा धंदा. ह्यांच्या कापडखरेदीच्या कामामुळे नऊ वर्षं आम्ही झेजियांग प्रांतात, शाओशिंगजवळ केछियाओ म्हणून कापडाची मोठी पेठ आहे, तिथं राहिलो.

प्रश्न: ताई, चीनमध्ये म्हणे मुलाकडचे मुलीच्या बापाला लाखांनी पैसे मोजतात. म्हणजे आपल्या हुंड्याच्या बरोब्बर उलटं. मग मुलीच्या आईबापांची चैनच म्हणायची! (निवृत्त शिक्षक, तासगाव)

गुरुजी, मलाही आधी तसंच वाटायचं. आमच्याकडे कामाला एक बाई यायच्या. घरकाम करणाऱ्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. माझ्या सासूबाईंना फोनवर ते 'आई' ऐकू यायचं आणि त्या विचारायच्या, "अगं, तिथं कुणाला आई केलंस?"

आयी शेजारच्या जियांगशी प्रांतातल्या, शांगरावकडच्या एका खेड्यातल्या. २०१६ साली चिनी नववर्षाच्या सुट्टीत त्यांच्या मुलाचं लग्न होतं. शहरात कामाला गेलेली सगळी माणसं तेव्हाच गावी परततात, म्हणून खेड्यातली लग्नं बहुतेक त्याच दिवसांत उरकतात. मुलानं मुलगी स्वतःच पसंत केलेली, दोघं निंगबोच्या एका कारखान्यात कामाला. तरीही मध्यस्थ बाई हवीच. तिला 'मेइपो' म्हणतात. जुळवायचं काही नसलं तरी आकडा बोलायला तिसरं तोंड लागतं. समोरासमोर घासाघीस केली तर दोन्हीकडची अब्रू जाते.

हा आकडा म्हणजे 'त्सायली'. मुलाकडून मुलीकडं जाणारी रक्कम. आयींच्या वाट्याला आले १,८८,००० युआन. आठ हा तिथं भरभराटीचा आकडा, म्हणून शेवट आठावर. तेव्हा युआन साधारण दहा रुपयांना होता, म्हणजे झाले जवळजवळ १९ लाख. आयी चार घरची कामं करून महिन्याला ४,००० युआन मिळवायच्या. हिशेब तुम्हीच करा. शिवाय तालुक्याच्या गावात फ्लॅट पाहिजे ही अट वेगळी. बँकेतून कोऱ्या नोटांची १८ बंडलं आणि वर आठ हजार सुटे आणून, लाल कापडात बांधून साखरपुड्याच्या दिवशी मुलीकडच्या टेबलावर ठेवले. मुलीच्या काकानं गावच्या दुकानातून नोटा मोजायचं यंत्र उसनं आणलं होतं. आयी सांगायच्या, "ते यंत्र फरफर वाजत होतं आणि माझ्या पोटात गोळा येत होता."

उत्तरेकडे, शानदोंगसारख्या प्रांतांत तर काही ठिकाणी नोटा मोजतसुद्धा नसत, तोलत. 'तीन जिन तीन लिआंग' म्हणायची तिथं रीत होती. एक जिन म्हणजे अर्धा किलो, लिआंग त्याचा दहावा भाग. म्हणजे शंभराच्या नोटा दीड किलोच्या वर, सुमारे १,४०,००० युआन. आणखी एक तऱ्हा आहे, तिचं नाव कवितेच्या ओळीसारखं: 'दहा हजार जांभळ्या, एक हजार लाल, वर हिरवळीचा तुकडा'. जांभळी नोट पाचाची, लाल शंभराची, हिरवी पन्नासाची. हिरवळ सोडूनच दीड लाख भरतात.

आता तुमच्या 'चैनी'कडे येते. आयींच्या थोरल्या मुलीचं लग्न आधीच झालं होतं. तिचे आलेले साठ हजार कुठं गेले म्हणून मी एकदा विचारलं. आयी भांडी विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घराच्या स्लॅबला." ते घर कुणासाठी? मुलाच्या लग्नासाठी. मुलाचे १,८८,००० गेले, त्यातले लाखभर नव्या सुनेबरोबर परत आले: रोख, वॉशिंग मशीन, विजेवरची दुचाकी आणि बारा लाल रजया. उरलेले तिकडेच राहिले, कारण नवरीला धाकटा भाऊ होता आणि त्याच्या लग्नाचीही कुणीतरी त्सायली मागणारच होतं. पोरीचे घ्यायचे, पोराला घालायचे. मधे मुलगी उभी, तिच्या हातात किती पडतं ते ज्याच्या-त्याच्या बापावर. सगळी रक्कम लेकीच्या नावावर ठेवणारे आणि वर आपले घालणारे आईबापही मी पाहिलेत, विशेषतः झेजियांगमधल्या सुखवस्तू घरांत. पण याला 'उलटा हुंडा' म्हणू नका. आपल्याकडंही पूर्वी कितीतरी जातींत मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला 'देज' देण्याची चाल होतीच की, पणजीला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

एवढा भाव का चढला? मुली कमी. मुलगाच हवा हा हट्ट, त्यावर २०१५ पर्यंत एकच मूल असा सरकारी नियम. २०२० च्या जनगणनेत पुरुष बायकांपेक्षा ३ कोटी ४९ लाखांनी जास्त निघाले. त्यात खेड्यातल्या मुली शहरात नोकरीला जातात आणि परत यायला तयार नसतात. मागे राहतात शेतीवाले मुलगे. हे वाचून तुम्हाला सोलापूर आठवलं का? २०२२ मध्ये बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, मुली मिळत नाहीत म्हणून.

कायद्याचं म्हणाल तर १९५० च्या विवाह कायद्यापासून लग्नाच्या नावावर पैसे उकळायला बंदी आहे. माओच्या काळात मागणी फक्त वस्तूंवर आली: 'तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी', म्हणजे सायकल, शिलाई मशीन, घड्याळ आणि रेडिओ. फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे नवे नियम लागू झालेत. लग्न फार दिवस टिकलं नाही आणि रक्कम फार मोठी असेल, तर काही भाग परत करायला कोर्ट सांगू शकतं. मेइपो मात्र अजून आकडा बोलतेच आहे.

प्रश्न: मी पुण्यात चिनी भाषा शिकतेय. तिकडे पत्रिका, गोत्र असलं काही बघतात का? (विद्यार्थिनी, कोथरूड)

दोन्ही बघायचे. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ, प्रत्येकाची दोन-दोन अशी आठ अक्षरं. ती लाल कागदावर लिहून मुलीकडून यायची. कागद तीन दिवस पूर्वजांच्या पाट्यांपुढं नाहीतर चुलीच्या देवापुढं ठेवायचा. त्या तीन दिवसांत घरात वाडगा फुटला, भांडण झालं, तर कागद परत. सासूला मुलगी नको असेल तर एक वाडगा फोडायला कितीसा वेळ लागतो, हे मी आयींना विचारलं. त्या खूप हसल्या, पण उत्तर दिलं नाही.

गोत्राच्या जागी आडनाव. वांगनं वांगशी लग्न करायचं नाही, मग दोघांची गावं हजार मैलांवर का असेनात. तांग राजवटीच्या कायद्यात तर सम-आडनावी लग्नाला दोघांनाही दोन वर्षं सक्तमजुरी होती. आता आडनावाची अडचण नाही, मात्र जवळच्या रक्तात चालत नाही. आते-मामे भावंडांची लग्नं जुन्या चीनमध्ये सर्रास व्हायची, १९८० च्या कायद्यानं ती बंद झाली. मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणाऱ्या आमच्या भागातल्या मंडळींनी हे वाचून ठेवावं.

लग्नाचं वय मुलाला २२ पूर्ण, मुलीला २०.

प्रश्न: लेक निघताना तिकडे रडतात का हो? (गृहिणी, कराड)

रडतात, आणि काही ठिकाणी तर शिकून रडतात! हुबेई-हुनानच्या डोंगरात तुजिया लोक आहेत. त्यांच्यात नवरी लग्नाआधी पंधरा दिवस, महिनाभर रोज गाणी म्हणत रडायची. आईसाठी वेगळं गाणं, भावासाठी वेगळं, आणि मध्यस्थ बाईला शिव्या घालायचं तर अगदी खास. जिला नीट रडता येत नाही तिला गाव नावं ठेवायचं.

आयींच्या सुनेकडे असं काही नव्हतं. सकाळी आम्ही मोटारी घेऊन गेलो तेव्हा मैत्रिणींनी दार अडवलं होतं. दाराच्या फटीतून लाल पाकिटं सरकवल्याशिवाय दार उघडेना. आत गेल्यावर नवरीचा एक बूट गायब. आपल्याकडे मेव्हण्या नवऱ्याचे बूट पळवतात, तिथं नवरीचाच लपवतात आणि नवऱ्यानं तो शोधायचा. पोरानं कपाटावर, पलंगाखाली, तांदळाच्या पिंपात सगळीकडं पाहिलं. शेवटी निघाला छतावरच्या दिव्याच्या घुमटात. मग भावानं तिला उचलून मोटारीपर्यंत नेलं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. मोटार हलली तशी तिच्या आईनं दारातून वाडगाभर पाणी मागं ओतलं. 'दिलेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी' अशी म्हण आहे त्यांच्यात. पाणी ओतताना बाई ताठ होती. वाडगा रिकामा झाला तरी तो तसाच तिरका धरून उभी राहिली. मी बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी जोडपं माहेरी जेवायला येतं, हे मला ठाऊक होतं, तरीसुद्धा.

सासरी आपण माप ओलांडतो, तिथं निखाऱ्याची घमेली ओलांडायची. मग नमस्कार तीन: आकाश-धरतीला, आईवडिलांना, एकमेकांना. पलंगावर लाल खजुरासारखी बोरं, भुईमुगाच्या शेंगा, लोंगान नावाची लिचीसारखी फळं आणि कमळबिया पसरलेल्या होत्या. चारी नावं एकापुढं एक म्हटली की 'लवकर पुत्र होवो' असा अर्थ निघतो. सुनेनं सासूला चहा दिला, पहिल्यांदा 'मा' म्हणून हाक मारली आणि आयींनी पाकीट काढलं. हाक बदलायचे पैसे! बिचाऱ्या आयींची पर्स त्या दिवशी बंदच होत नव्हती.

प्रश्न: माझ्या मुलीच्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीनं लग्नाला बोलावलंय. आहेर काय न्यायचा, नेसायचं काय? (वाचक, नाशिक)

भिंतीवरचं घड्याळ नेऊ नका. 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यविधीला जाणं' यांचा उच्चार तिथं सारखाच होतो. छत्रीही नको, तिच्या नावात ताटातूट आहे. लाल पाकिटात रोख पैसे घाला, तेच बरं. पण आपली सवय आड येते. आपण ५०१ देतो, वरचा रुपया शुभ म्हणून. तिथं लग्नाला सम रक्कमच हवी, विषम रक्कम मयताला. त्यातही चार नको, तो मृत्यूशी जुळतो. सहा, आठ चालतात. पाकीट पांढरं नको. साडी कुठलीही नेसा, लाल सोडून, ती नवरीची. पांढरी नको, ती दुखवट्याची.

पाकीट कुणाच्या हाती द्यायचं? खेड्यात दाराशीच टेबल असतं. आयींच्या अंगणात लाल कापड घातलेल्या टेबलामागं एक म्हातारा बसला होता, बोटं थंडीनं काळवंडलेली, शाईची वाटी निखाऱ्याजवळ ठेवलेली. पाकीट उघडायचं, सगळ्यांसमोर मोजायचं आणि ब्रशनं वहीत नाव आणि रक्कम लिहायची. आपली आहेराची वही, दुसरं काय! देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की वही काढून बघायची आणि थोडं वाढवून द्यायचं. मी ६०० ठेवले. माझं नाव कुठल्या अक्षरांनी लिहायचं ते म्हाताऱ्याला उमगेना. मी दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा मान हलवली. शेवटी आयी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "यिन्दू लिही." यिन्दू म्हणजे इंडिया. तर त्या वहीत आपला अख्खा देश ६०० युआनचा आहे.

आम्ही कायमचं परतायला निघालो तेव्हा सामान बांधून झाल्यावर आयींनी माझ्या हातात लाल पाकीट कोंबलं. आत ८०० होते. मी परत करायला लागले, तर त्यांनी माझी मूठ दाबून धरली आणि म्हणाल्या, "वहीत आहे."